चपलांचा खोका आणि ६४ प्रिंट : सात महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगते, हा कॅमेऱ्याचा रिव्ह्यू नाही. कॅमेरा माझ्याकडे जुनाच आहे, दुसऱ्याने वापरलेला कॅनन १२००डी आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स. तो जसा आहे तसा चालतोय. सात महिने मी जे वापरलं तो म्हणजे कागद. काढलेल्या फोटोची ४×६ ची प्रिंट घ्यायची, माणसाच्या हातात द्यायची आणि तो जे बोलेल ते त्याच प्रिंटच्या पाठीवर लिहायचं. ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्यात चपलांच्या खोक्यात ६४ प्रिंट जमल्या. तालुक्याला १२ रुपये नग, म्हणजे ७६८ रुपये. स्कूटीचं पेट्रोल वेगळं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या शाखा डाकघरात आहे. ऑफिस चार तासांचं. सकाळचा आणि संध्याकाळचा तिरपा उजेड माझ्या हाती मोकळा असतो. पगारात न दिसणारी ही एक सवलत.

कागदाच्या आधी मी फोटो फोनवरच पाठवायची. उत्तरं ठरलेली : छान, मस्त, अंगठा, फूल. एकदा शरदातल्या सकाळचे म्हणून चार फोटो नणंदेला पाठवले, त्यात चुकून गॅसच्या पावतीचा एक गेला. तिने पाचही फोटोंना "वा, अप्रतिम" म्हटलं. त्या दिवशी कळलं की हे लोक फोटो पाहत नाहीत, मला पाहतात. वाईट मनाने नाही. पण फोटो सुधारायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

कागदाचं तसं होत नाही. प्रिंट हातात आली की माणूस ती उजेडाकडे धरतो, जरा लांब नेतो, चष्मा शोधतो. तेवढ्या वेळात डोळा कुठेतरी अडकतो, आणि तो कुठे अडकला तेच मला हवं असतं. ४×६ घ्यायचं कारण साधं आहे. कॅमेऱ्याच्या फोटोचं प्रमाण ३:२, या कागदाचंही तेच, त्यामुळे कडेचं काही कापलं जात नाही. आणि इंचाला ३०० ठिपके धरले तरी एवढ्या प्रिंटला २२ लाखांच्या आत पिक्सेल पुरतात. माझ्या कॅमेऱ्यात एक कोटी ऐंशी लाख आहेत. म्हणून नवा कॅमेरा घ्यायचा विषय घरात मी काढतच नाही.

पहिल्या दहा प्रिंट मात्र वाया गेल्या. सगळ्या काळपट. स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही, हे डोक्यात आलं नव्हतं. आता एडिट करताना मोबाइलचा ब्राइटनेस निम्म्यावर आणते आणि वाटतं त्यापेक्षा फोटो थोडा उजळ ठेवते. दुसरा घोटाळा रंगाचा. संध्याकाळचं पिवळं ऊन प्रिंटमध्ये दुपारसारखं पांढरं यायचं. स्टुडिओतलं मशीन स्वतःहून रंग 'सुधारतं', आणि त्याच्या हिशेबाने पिवळेपणा हा दोष. आता आधीच सांगते, करेक्शन बंद ठेवा. दोनदा सांगावं लागतं. पाठीवर लिहायचीही गंमतच. तो कागद गुळगुळीत, शिसपेन्सिल धरत नाही, जेलपेन पुसतं आणि बॉलपेन दाबलं की समोरच्या आभाळात अक्षरं उठतात. शेवटी सीडीवर लिहायचा बारीक मार्कर घेतला.

प्रश्न कसा विचारायचा हे कळायला दिवाळी उलटली. "कसा आहे?" असं विचारलं की कागदावरही "छान"च मिळतं. एकदा वैतागून तीन प्रिंट टेबलावर मांडल्या आणि म्हटलं, यातली एक फाडायची आहे, कोणती फाडू? समोर पैसे काढायला आलेल्या आजी होत्या. त्या एकदम बोलल्या, "काहून फाडतं वं?" आणि मग तिन्ही हातात घेऊन बसल्या. एकीत रस्ता कुठेच जात नाही, दुसरीत झाड अर्धं तोडलंय, तिसरी राहू दे. पाच मिनिटांत एवढं मला पुण्याच्या मामेभावाने दोन वर्षांत सांगितलं नव्हतं. तेव्हापासून प्रश्न हाच. फाडत मी एकही नाही.

स्टुडिओवाल्या दादांचं म्हणणं वेगळ्या जातीचं. त्यांचं आयुष्य लग्नाच्या फोटोंत गेलं, लँडस्केपशी घेणंदेणं नाही. पण ऑक्टोबरातल्या माझ्या एका फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, आभाळात काहीच नाही, तर त्याला अर्धा कागद कशाला दिला?" बरोबर होतं. पाऊस गेल्यावर आमच्याकडचं आभाळ कोरं होतं, ढगाचा ठिपकाही नाही. तिथे क्षितिज मधोमध ठेवलं की फोटो दोन पट्ट्यांचा झेंडा होतो. त्यांनीच पोलरायझर, म्हणजे लेन्सवर बसणारी, चमक मारणारी फिरती काच, लावून बघायला सांगितला.

तो ५८ मिलिमीटरचा गोल घेतला, त्याबद्दल थोडं सांगते, कारण हा मात्र विकत घेतलेला माल आहे. आभाळ गडद करतो म्हणून घेतला, पण कामाला आला पानांवर. पानांवरची पांढरी चमक मारली की खालचा खरा रंग वर येतो. दव पडलेल्या तुरीवर फरक डोळ्यांना दिसतो. आभाळासाठी सूर्य डाव्या किंवा उजव्या खांद्याला हवा, तिथेच त्याचा जोर. सूर्य समोर किंवा पाठीला असला तर नुसती काच. आणि लेन्स सगळ्यात रुंद, म्हणजे १८ वर ठेवून तो पूर्ण फिरवला तर आभाळात मधेच गडद निळा डाग उठतो. दादांनी तो फोटो पाहून विचारलं, "इथं शाई सांडली का?" मी आता अर्धाच फिरवते. प्रकाशही दीड-दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), शटर लांबतं, आणि वारा असला तर तुरीचे शेंडे प्रिंटमध्ये पुसल्यासारखे येतात.

पण ६४ पाठींवरचं सगळ्यात कामाचं लिखाण मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. शिक्षण सातवी, वावर सहा एकर, कॅमेरा आजवर हातात धरलेला नाही. नोव्हेंबरात पहिल्या वेचणीच्या आधी मी पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा, फोटो काढला होता. ऊन चांगलं, ओळी सरळ, क्षितिजही दादांच्या सांगण्यावरून वर सरकवलेलं. मला तो आवडला होता. मामाजींनी तो बराच वेळ धरला आणि म्हणाले, "हे तू उभ्यानं पाहून रायली, बाई. वेचणारीले पऱ्हाटी अशी नाही दिसत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत वावरात गेले आणि ओळीत बसले. बसून भागेना, मग आडवी झाले. या कॅमेऱ्याची स्क्रीन वळत नाही, त्यामुळे हनुवटी काळ्या मातीत टेकवून, भेगेत कोपर अडकवून डोळा लावावा लागला. आणि खरंच, वरून जे हिरव्यात पांढरे ठिपके दिसत होते ते खालून बोंडं झाले. चार पाकळ्यांसारखं उघडलेलं टरफल, त्यातून लोंबलेला कापूस, मागून ऊन आल्यामुळे प्रत्येक धाग्याची कड पेटलेली. जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट यावं म्हणून लेन्सचं छिद्र बारीक, एफ ११ ठेवलं, जवळचं बोंड हातभर अंतरावर, मागची ओळ धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीपर्यंत गेलेली. ती प्रिंट मामाजींनी घेतली, एका बोंडावर नख टेकवलं आणि म्हणाले, "हे किडलं." तेवढंच. मग माझ्याकडे पाहून, "आता बराबर दिसते." पाठीवर मी दोन्ही लिहिलं.

त्याच सुमारास मामेभावाचा निरोप आला की शरदाचे फोटो म्हणतेस तर त्यात ऑटम कुठे आहे? लाल-पिवळं काहीच नाही. मनाला लागलं. परदेशातले मेपलचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. रात्री बसून मी तुरीच्या एका फोटोतला हिरवा रंग ओढून नारिंगी केला. मोबाइलवर फार देखणा दिसला. प्रिंट काढून आणली. मामाजी पाहताक्षणी उठून बसले. "तुरीले काय झालं? कोनाचं वावर हे? मर लागली का?" मर म्हणजे उभं झाड वाळवणारा रोग. मी सांगितलं, रंग मी बदललाय. त्यांना ते समजायलाच वेळ लागला, आणि समजल्यावर जो चेहरा झाला तो मार्करने लिहिता येण्यासारखा नव्हता.

यातून एक गाठ सुटली. आपल्या पंचांगात शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, आणि तेव्हा विदर्भात पानगळ नसतेच. सोयाबीन पिवळं पडून कापणीला येतं, कापूस फुटतो, तूर फुलावर येते, पण जंगल हिरवंगार. थंड देशांत दिवस लहान होतात, गारठा पडतो म्हणून झाडं पानं टाकतात. आमचा साग टाकतो तो पाणी संपत आल्यामुळे, शिशिरात, माघ-फाल्गुनात. लाल हवंच असेल तर हिवाळा सरताना धावड्याकडे बघावं, गळायच्या आधी पानं तांब्यासारखी होतात. किंवा मार्चमध्ये कुसुमाच्या झाडाकडे, पण ती गळणारी पानं नव्हेत, नवी पालवी लाल असते. म्हणजे मेपलवाल्यांच्या नेमकं उलट. मामेभावाला हे सगळं लिहून पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

मग फेब्रुवारी-मार्चमध्ये टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या रस्त्यांवर पुष्कळ हिंडले. निष्पर्ण साग, खाली भाकरीएवढाली पानं, पाय पडला की पापड मोडल्याचा आवाज. यातले फोटो बरे आले, पण लोकांना आवडले नाहीत. "वाळलेलं काय दाखवतं?" हे वाक्य अकरा पाठींवर आहे. इथे मी लोकांचं ऐकलं नाही. उन्हाळ्याला भ्यायलेल्या माणसाला वाळलेलं रान सुंदर वाटावं, ही अपेक्षाच जास्त.

पळसाची गोष्ट वेगळी. सगळ्यांना आवडला, आणि चूक काढली ती पाचवीतल्या एका पोरीने. "मॅडम, याले चोच नाही." पळसाचं फूल पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं असतं, संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात ते त्यावरूनच. माझ्या फोटोत नुसता भगवा लगदा होता. शोधलं तेव्हा कळलं की अशा रंगात बाकी फोटो ठीक असला तरी लाल रंग एकटा जळतो, पाकळीवरचा बारकावा जातो. साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, काही सांगत नाही, तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहावा लागतो. दोन-तृतीयांश स्टॉप कमी केला आणि ऊन चढायच्या आधी काढला. पोरीने परत पाहिला, म्हणाली, "आता हाय." तिला एक प्रिंट दिली, म्हणून खोक्यात ६३च आहेत खरं तर.

तक्रारी आहेतच. वेळ फार जातो : फोटो आज, प्रिंट आठवड्याने, तोवर कापूस वेचूनही झालेला. चकचकीत कागद घेऊ नका, हळदीचं बोट पुसलं जात नाही, मॅट घ्या. ज्यांना तांत्रिक मत हवंय त्यांचं यावर भागणार नाही, आमच्या गावात शटरस्पीड कोणी सांगणार नाही. आणि मन घट्ट हवं. माझ्या आईने चिखलदऱ्याच्या धुक्याचा फोटो पाहून "हे कुठलंही असू शकते" म्हटलं, तेव्हा मी दोन दिवस कॅमेरा उचलला नाही. गाविलगडापर्यंत गेले होते त्यासाठी, बसने, उभ्याने.

गेल्या आठवड्यात मामाजींनी खोका मागवला. प्रत्येक प्रिंट पाहिली आणि कापसाच्या वावराचे दोन फोटो वेगळे काढले. मला बरं वाटलं. मग कळलं की धुऱ्यावरून शेजाऱ्याशी पुन्हा कुरबुर सुरू झालीय, आणि बाभूळ नोव्हेंबरात कुठे होती ते त्यांना दाखवायचंय. मातीत लोळून काढलेला फोटो त्यांनी दोन मिनिटं फिरवून फिरवून पाहिला आणि परत केला. "यात धुरा झाकला बोंडानं," म्हणाले. पहिला, उभ्याने काढलेला, तो सातबाऱ्याच्या पिशवीत गेला. वर मला सांगितलं, उद्या सकाळी चल, पूर्ण धुरा दिसला पाहिजे, बंडीवर (बैलगाडीवर) उभं राहून काढू.