अणू सरकवावा की रेणू पालटावा?

स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाच्या (पृष्ठभागाच्या अगदी जवळ सुई नेऊन विद्युत्प्रवाहाने एकेक अणू टिपणाऱ्या उपकरणाच्या) सुईने पृष्ठभागावर माहिती नोंदवण्याच्या संशोधनात उतरू पाहणाऱ्याला बहुधा दोन वाटांतून निवड करावी लागते: अणूची जागा बदलणे, किंवा रेणू जागीच ठेवून त्याची अवस्था पालटणे. ही निवड घनतेच्या, म्हणजे ठरावीक जागेत किती माहिती मावते याच्या, आकड्यांवरून करू नये. खरा फरक लेखनाच्या क्रियेत आहे.

पहिल्या वाटेचा ठळक नमुना नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील 2016 सालचा आहे. तांब्यावरील क्लोरीनच्या थरातील रिकामी जागा शेजारच्या अणूशी अदलाबदल करून सरकवली जाते आणि अणू व रिकामी जागा यांच्या जोडीत ती कोणत्या बाजूला आहे यावरून 0 किंवा 1 ठरतो. अशी सुमारे एक किलोबाइट स्मृती, दर चौरस इंचाला सुमारे 500 टेराबिट घनतेने, द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे 77 केल्विनला (सुमारे उणे 196 अंश सेल्सियसला), टिकली. लेखन स्वयंचलित करता आले आणि निकामी भागांवर खूणही ठेवता आली. वेग मात्र अगदीच मंद होता.

रेणूंच्या वाटेवर झुरिचच्या आयबीएम प्रयोगशाळेचे 2007 सालचे काम पाहावे. मिठाच्या अतिपातळ थरावरील नॅफ्थॅलोसायनिन रेणूच्या पोकळीतले दोन हायड्रोजन अणू नायट्रोजनच्या एका जोडीकडून दुसरीकडे जातात. रेणूची चौकट हलत नाही, पण सुईला दिसणारी त्याची प्रतिमा 90 अंशांनी फिरल्यासारखी भासते. कमी विभवांतराने (व्होल्टेजने) वाचावे आणि अधिक विभवांतराने लिहावे, ही सोय मोहक आहे. तथापि अणू नेमके केव्हा उडी घेतील हे यदृच्छेवर अवलंबून असल्याने प्रवाह सोडून त्याची पातळी बदलताच थांबावे लागते, म्हणजे प्रत्येक लेखनात पडताळणी अंतर्भूतच असते. शिवाय रेणू एकमेकांना भिडलेले असतील, तर एकात सोडलेल्या प्रवाहाने शेजारचाही पालटू शकतो. तर्कद्वारे (लॉजिक गेट) घडवू पाहणाऱ्याला हा गुण वाटेल (आणि मला तोच या कामातला सर्वांत रंजक भाग वाटतो), पण स्मृतीसाठी तो दोषच आहे.

म्हणून अनेक बिट्स बिनचूक लिहून दाखवणे हे उद्दिष्ट असेल, तर अणूंची वाट धरावी. सिलिकॉनवरील हायड्रोजन अणू काढून किंवा बसवून लिहिलेले बिट्स तर खोलीच्या तापमानालाही टिकतात, हे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात 2018 साली दिसले. अवस्था पालटण्याची यंत्रणाच अभ्यासायची असेल, तर रेणू निवडावेत, कारण अणू आहे तसाच स्वीकारावा लागतो, तर रेणूची रचना संश्लेषणाने बदलता येते. मात्र झुरिचचा प्रयोग सुमारे 5 केल्विनला झाला होता. इतक्या थंडीसाठी लागणाऱ्या द्रव हेलियमची खात्रीची सोय नसल्यास त्याच धर्तीचे काम हाती घेऊ नये.