डोसिंग पंपाचे आठ महिने: सोडा, कॅल्शियम आणि एक बदललेली नळी

नोव्हेंबरात आमच्या अमेरिकेतल्या, एडिसनच्या घरातल्या रीफ टँकला (पोवळी म्हणजे कोरल वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी) चार चॅनलचा डोसिंग पंप बसवला. तो द्रावणं ठरलेल्या मापात आपोआप टाकीत सोडतो. आता जुलै संपत आलाय. एवढ्या दिवसांत पंप एकदाही बंद पडला नाही, तरी एप्रिलमध्ये एक ॲक्रोपोरा (फांद्यांचं दगडी पोवळं) जवळजवळ गेला होता. ते कसं झालं ते सविस्तर सांगते, कारण नवीन पंप घेणाऱ्याला तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

टाकी ७५ गॅलनची. खडक आणि वाळूने अडवलेली जागा वजा केली आणि खालच्या संपमधलं (टाकीखालच्या जोडटाकीतलं) पाणी धरलं, तर निव्वळ पाणी २५० लिटर भरतं. हा आकडा आधी नीट काढून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा राहतो. कोरल म्हणाल तर ॲक्रोपोरा, माँटिपोरा, स्टायलोफोरा आणि एका कोपऱ्यात टॉर्च नावाचं कोरल. खडकांवर गुलाबी कोरलाइन शेवाळ, तेही कॅल्शियम खातंच.

पोवळं आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं, म्हणजे चुनखडीचा. त्यासाठी ते पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसायची ताकद, ती केएचमध्ये मोजतात) ठरलेल्या प्रमाणात उचलतं: १ केएच उतरला की कॅल्शियम साधारण ७ पीपीएमने (दशलक्षात ७ भागांनी) कमी होतं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम ४१०-४२० पीपीएम असतं आणि अल्कलिनिटी जेमतेम ७ केएच. माझ्या टाकीत तेव्हा दिवसाला १.२ केएच खर्च होत होता. त्या हिशेबाने कॅल्शियम दिवसाला आठ-नऊ पीपीएमच उतरतं, चारशेच्या साठ्यात ते जाणवतही नाही. पण केएच चार दिवस दुर्लक्षित राहिला तर टाकी धोक्यात येते. म्हणून मी केएच आठवड्यातून दोनदा मोजते, कॅल्शियम पंधरवड्याला आणि मॅग्नेशियम महिन्यातून एकदा. मॅग्नेशियमची घट इतकी हळू होते की त्याला चॅनल दिलाच नाही, हातानेच घालते.

पंपाआधी वर्षभर हाताने डोसिंग केलं. सकाळी ऑफिसला निघताना ५७ मिली सोड्याचं पाणी (केएच वाढवणारं द्रावण, कृती खाली दिलीय) संपमध्ये ओतायचं, कॅल्शियम संध्याकाळी. त्यामुळे रोज सकाळी केएच ७.४ वरून एकदम ८.६ वर चढायचा आणि दिवसभर उतरत राहायचा. आता तेच ५७ मिली चोवीस भागांत जातं, तासाला सुमारे २.४ मिली, म्हणजे एका वेळी ०.०५ केएच. डिसेंबरच्या शेवटापर्यंत ॲक्रोपोराच्या टोकांना फिकट जांभळी वाढ दिसू लागली. आधीच्या वर्षात अशी वाढ मला कधी मिळाली नव्हती.

द्रावणं घरीच करते. खाण्याचा सोडा ५९४ ग्रॅम, ओव्हनमध्ये ३०० फॅरनहाइटवर तासभर भाजायचा. भाजताना त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं आणि वजन ३७५ ग्रॅमच्या आसपास येतं. मी ट्रे बाहेर काढून किचनच्या काट्यावर ठेवते. आकडा ३७५ च्या बराच वर असला तर आणखी वीस मिनिटं. मग एक गॅलन आरओच्या पाण्यात विरघळवायचा. दुसऱ्या कॅनमध्ये एक गॅलन पाण्याला ५०० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. हे विरघळताना कॅन हाताला चांगलाच गरम लागतो, म्हणून पावडर थोडी थोडी घालते आणि झाकण लगेच आवळत नाही. इथे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायलाही कॅल्शियम क्लोराइडच विकतात आणि ते स्वस्त पडतं, पण त्यात काय काय मिसळलंय ते पिशवीवर नीट लिहिलेलं नसतं. मी खाद्य दर्जाचंच घेते. या ताकदीच्या सोड्याचं ४८ मिली माझ्या २५० लिटरमध्ये १ केएच चढवतं, आणि कॅल्शियमचं द्रावण तेवढंच घालायचं.

दोन्ही नळ्यांची तोंडं संपमध्ये एकमेकींपासून लांब, जोराच्या प्रवाहाजवळ पण पाण्याच्या वर ठेवली आहेत. तोंड पाण्यात बुडालं की सायफन लागण्याची भीती असते, शिवाय सोड्याच्या नळीच्या टोकाला पांढरा खर धरतो. तो मी दर रविवारी जुन्या टूथब्रशने काढते. सोडा तासाच्या ठोक्याला आणि कॅल्शियम अर्ध्या तासाने. दोन्ही एकाच जागी एकाच वेळी पडले तर पाण्यात दुधासारखा ढग उठतो. तो ढग म्हणजे कोरलच्या वाट्याचं कॅल्शियम कार्बोनेट, खाली बसून वाया गेलेलं.

जानेवारीत एक गोष्ट लक्षात आली. सोड्याच्या पाण्याचा भरलेला जादा कॅन गॅरेजमध्ये ठेवला होता. थंडीत तळाशी काचेच्या तुकड्यांसारखे लांबट स्फटिक साचले. वरचं पाणी नितळ दिसत होतं, पण त्यातला बराच सोडा खाली गोठून बसलेला. तेच पाणी ओतून घेतलं असतं तर डोस कमी ताकदीचा गेला असता. कॅन दोन दिवस घरात आणून ठेवला, अधूनमधून हलवला, स्फटिक पूर्ण विरघळले. तेव्हापासून कॅन टाकीखालच्या कपाटातच असतात.

आता एप्रिलचं. या पंपात रोलर फिरतात आणि मऊ नळी दाबत दाबत द्रावण पुढे ढकलतात. काही महिन्यांत नळी ढिली पडते आणि प्रत्येक फेरीत थोडं कमी द्रावण जातं. मार्चमध्ये केएच हळूहळू उतरतोय असं दिसलं. मला वाटलं कोरल वाढल्यामुळे खप वाढलाय. काही अंशी ते खरंही होतं, खप १.४ वर गेला होता. म्हणून मी पंपाच्या ॲपमधला डोसचा आकडा वाढवत वाढवत ८७ मिलीवर नेला. प्रत्यक्षात टाकीत ६७ मिलीच जात होतं, बाकीचं नळीच्या ढिलेपणात हरवत होतं. केएच ८.२ वर स्थिर राहिला आणि मी निर्धास्त झाले.

मग एका रविवारी सोड्याच्या चॅनलची नळी बदलली. कॅलिब्रेशन, म्हणजे पंपाचं माप पुन्हा जुळवणं, पुढच्या आठवड्यावर टाकलं. नवीन नळी पूर्ण क्षमतेने चालली आणि खरोखरचे ८७ मिली पाण्यात जाऊ लागले, म्हणजे रोज साधारण ०.४ केएच जास्त. बुधवारची टेस्ट ऑफिसच्या कामात राहून गेली. शनिवारी सकाळी टॉर्च पूर्ण आत ओढून घेतलेला, आणि मोठ्या ॲक्रोपोराच्या सहा-सात टोकांवरची त्वचा गेलेली, नखाएवढा पांढरा सांगाडा उघडा. टेस्ट केली तर १०.७. हातातला चेकर (केएच मोजायचं छोटं यंत्र) दोनदा धुऊन पुन्हा मोजलं, तेच आलं.

डोस एकदम बंद केला नाही, कारण मग दिवसाला १.४ ची घसरण झाली असती आणि आधीच दुखावलेल्या कोरलला तो दुसरा धक्का. रोजच्या खपाच्या निम्म्याहून थोडा जास्त ठेवला, तेव्हा रोज ०.६ उतरत चार दिवसांत ८.३ वर आला. टोकं जून संपता संपता पुन्हा झाकली गेली. एक बारकी फांदी मात्र गेली, ती कापून काढावी लागली.

त्या दिवसापासून ॲपवरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. कपाटात १०० मिलीचा मोजपात्र सिलेंडर ठेवलाय. महिन्यातून एकदा नळीचं तोंड त्यात धरून पंपाला ५० मिली मागते आणि किती आलं ते वाचते. ४७ ते ५३ असेल तर ठीक, नाहीतर कॅलिब्रेशन. नळी बदलली तर त्याच मिनिटाला, बाकी सगळं बाजूला ठेवून. केएच घसरतोय असं वाटलं तरी डोस वाढवण्याआधी सिलेंडर. पंपाच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ आहे, ती ठळक अक्षरात पहिल्या पानावर हवी होती असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक हिशेब फार कोणी सांगत नाही. सोडा आणि कॅल्शियम क्लोराइडमधून कोरल आपला वाटा उचलतं आणि मागे उरतं साधं मीठ. माझ्या नोव्हेंबरच्या डोसवर ते दिवसाला सुमारे ६ ग्रॅम, महिन्याला १८७ ग्रॅम होतं. पाणी बदललं नाही तर क्षारता महिन्याला पाऊण ग्रॅम प्रति लिटर वाढणार. म्हणून दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलते आणि दर वेळी रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) लावते. पंप आला म्हणून पाणी बदलणं सोडलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत. त्यांचं कॅल्शियम छान असतं, पण मीठ हजारी ३७ वर गेलेलं.

फेब्रुवारीत बाबा मालवणहून आले होते. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, ही तर चुन्याची निवळी झाली. खरंच, टॉप-ऑफच्या (वाफ होऊन घटलेलं पाणी भरून काढायच्या) पाण्यातून चुन्याची निवळी देणारे लोक इथे पुष्कळ आहेत, आणि आमच्याकडे पूर्वी शिंपले भाजून चुना करत तो हाच पदार्थ, फक्त उलट्या वाटेने. बाबांनी विचारलं, हे गावच्या घरी करता येईल का? त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. भारतात दगडी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रातून ती काढणं गुन्हा आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तिथली पोवळी तिथेच पाहावीत, लहानपणी मी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पाहिली तशी. माझ्या टाकीतली सगळी टाकीतच वाढवलेल्या तुकड्यांपासून आली आहेत.

पंप घ्यावा का? टाकीत नुसती मऊ कोरल असतील तर नको, पाणी बदलून भागतं. ॲक्रोपोरा ठेवायचा असेल आणि रोज ठरलेल्या वेळी घरी असणं जमत नसेल तर जरूर घ्या. टेस्टिंगची मेहनत कमी होईल या आशेवर मात्र घेऊ नका, मी पंपाआधीपेक्षा आता जास्त मोजते.

आज खप १.७ केएचवर आहे, डोस ८१ मिली. एक गॅलन आधी ६६ दिवस पुरायचं, आता ४६. कॅल्शियमच्या चॅनलची नळी अजून पहिलीच आहे, काल सिलेंडरमध्ये ५० ऐवजी ४४ आलं. नवी नळी मागवलीय, गुरुवारी येईल.