नागपुरातलं 'इम्युनिटी पॅकेज': २,४९९ रुपयांत नेमकं मोजतात काय?

शहरातल्या एका खासगी लॅबचं हे पॅकेज. घरी येऊन रक्त नेतात, दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट. आत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन), आयजीजी-आयजीए-आयजीएम आणि एकूण आयजीई या अँटीबॉडी, ड जीवनसत्त्व, झिंक आणि हिपॅटायटिस बीची अँटीबॉडी. पहिल्याच पानावर मोठ्या हिरव्या गोलात 'इम्युनिटी स्कोअर : ७२'.

तो गोल आधी बाजूला ठेवा. प्रतिकारशक्तीला शंभरपैकी गुण देणारं कुठलंही मान्य सूत्र वैद्यकशास्त्रात नाही. आणि ती जितकी जास्त तितकी बरी, असंही नाही. अ‍ॅलर्जी, आमवात, सोरायसिस ही नको तिथे चाललेल्या प्रतिकाराचीच रूपं आहेत.

पॅकेजमधली सगळ्यात कामाची तपासणी सीबीसीच, आणि ती वेगळी केली तर तीन-चारशे रुपयांत होते. गंमत म्हणजे याच पानावर रिपोर्ट सगळ्यात जास्त दिशाभूल करतो. समजा, एकूण पांढऱ्या पेशी ३,६०० आहेत, त्यांतला न्यूट्रोफिल हा प्रकार ३८ टक्के, लिम्फोसाइट हा प्रकार ५२ टक्के. रिपोर्टमध्ये ५२ लाल रंगात येतो, शेजारी 'वाढलेले'. घरचे लिम्फोसाइटच्या मागे लागतात. पण टक्का म्हणजे नुसती वाटणी. गुणाकार केल्याशिवाय काही कळत नाही. ३,६००चे ५२ टक्के म्हणजे १,८७२, अगदी नॉर्मल. ३८ टक्के म्हणजे १,३६८ न्यूट्रोफिल, आणि १,५००च्या खाली गेलेला हाच आकडा खरा बघण्यासारखा आहे. लॅबनं हा हिशेब, म्हणजे 'अ‍ॅब्सोल्यूट काउंट', छापलेलाच नाही. मशीन तो आपोआप काढतं. मागितला तर मिळतो.

न्यूट्रोफिल ही पहिल्या फळीची पेशी. जखमेत जंतू शिरला की काही तासांत पोचते, त्याला गिळते आणि तिथेच मरते. पू दिसतो तो बराचसा तिचाच. डेंग्यू किंवा दुसऱ्या व्हायरल तापात ही संख्या काही दिवस खाली येते आणि बहुधा आपोआप भरून निघते. म्हणून तापानंतर दोन-तीन आठवडे थांबून सीबीसी परत करावी. ५००च्या खाली आणि सोबत ताप असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उलट, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेल्या न्यूट्रोफिल प्रवाहात सुटतात आणि आकडा फुगतो. रक्त घेणारा मुलगा गोळ्यांबद्दल विचारत नाही, आपणच सांगावं.

रक्त घेण्याची पद्धत ठीक, पण दोन गोष्टी बघा. जांभळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरली पाहिजे आणि लगेच आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटसुलट झाली पाहिजे. नाहीतर बारीक गुठळ्या होतात आणि प्लेटलेट खोटंच कमी दिसतात. मे महिन्यातल्या ४५ अंशांत नळी स्कूटरच्या डिक्कीत तासन्‌तास फिरत असेल तर पेशींचा आकडा विसराच. जेल पॅकचा डबा हवा, आणि नळी बर्फाला टेकलेली नको. बारा तास उपाशी राहायला सांगतात, पण या यादीतल्या सीबीसीला किंवा अँटीबॉडीला त्याची गरज नाही.

आयजीएम ही नव्या जंतूविरुद्ध आधी तयार होणारी अँटीबॉडी. आयजीजी मागून येते आणि गर्भातल्या बाळापर्यंत पोचते, आयजीए लाळेत, आतड्यात, आईच्या दुधात. वारंवार न्यूमोनिया, कानाचा किंवा सायनसचा संसर्ग होत असेल तर या तिघींची पातळी बघणं योग्यच. धडधाकट माणसासाठी ते नुसते पैसे. एकूण आयजीई अ‍ॅलर्जीत वाढतं, जंतांनीही वाढतं. त्यावरून 'इम्युनिटी' कळत नाही.

हिपॅटायटिस बीच्या रकान्यात तर रिपोर्ट सरळ घाबरवतो. अँटीबॉडी १०च्या खाली असली की 'संरक्षण नाही' असा शेरा. लसीचे तिन्ही डोस झाल्यावर महिना-दोन महिन्यांत पातळी एकदा १०च्या वर गेली असेल, तर पुढे ती उतरली तरी निरोगी माणसाच्या स्मृतिपेशी (जंतू लक्षात ठेवणाऱ्या लिम्फोसाइट) शिल्लक असतात आणि विषाणू आल्यावर पुन्हा कामाला लागतात. डायलिसिसवरच्या रुग्णांचा नियम वेगळा आहे. त्या स्मृतिपेशी या पॅकेजमध्ये कुठेच मोजलेल्या नाहीत, कारण शरीरातल्या लिम्फोसाइटपैकी जेमतेम दोन टक्के एका वेळी रक्तात असतात. बाकीच्या लसिका ग्रंथींत, पाणथरीत (प्लीहेत), आतड्याच्या अस्तरात. नागपूरच्या झिरो माइल चौकात उभं राहून गाड्या मोजल्या, तर घरोघरी किती माणसं आहेत हे थोडंच कळतं?

पाणथरीवरून या शहरासाठीची सगळ्यात मोठी चूक. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार भरपूर, आणि पॅकेजमध्ये त्याचं नाव नाही. सिकलसेलच्या रुग्णाची पाणथरी बहुधा लहानपणीच निकामी होते. न्यूमोकोकससारखे कवचवाले जंतू रक्तातून गाळायचं काम तिचं; ती गेली की साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेततो. अशा मुलाला न्यूमोकोकसची लस आणि डॉक्टर सांगतील तितकी वर्षं पेनिसिलिन लागतं. सरकारी दवाखान्यांत त्यासाठी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली की एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीनं वाहक की रुग्ण ते ठरतं. 'इम्युनिटी' या शब्दावर विदर्भात पैसे घ्यायचे तर हे आधी हवं होतं.

ड जीवनसत्त्व २० (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर)च्या खाली आलं तर कमतरता. उन्हाळाभर दुपट्टा बांधून फिरणाऱ्या शहरात ती निघते, त्यात नवल नाही. पण ६०,००० युनिटचं पाकीट दर आठवड्याला म्हणजे आठवड्यालाच. रोज घेऊन कॅल्शियम वाढवून बसू नये.

रिपोर्टनंतर लॅबच्या आहारतज्ज्ञांचा फोन येतो आणि 'बूस्टर' पावडर सुचवली जाते. पाकिटाच्या मागे एलिमेंटल झिंक (क्षारातलं निव्वळ झिंक) किती ते वाचा. एका मापात ५० मिलिग्रॅम आहे, मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४०. जास्तीचं झिंक महिनोन्‌महिने पोटात गेलं की तांबं शोषलं जात नाही, आणि तांब्याच्या कमतरतेनं अस्थिमज्जेतल्या न्यूट्रोफिलच कमी होतात.