ऑलमन ब्रदर्स की लिनर्ड स्कीनर्ड?

दोन्ही रॉक बँड अमेरिकेच्या दक्षिणेतले, दोघांवरही ऐन भरात घाला पडला, पण पुढची वाट पार वेगळी. ऑलमनचा गिटारवाला ड्युएन १९७१ मध्ये जॉर्जियातल्या मेकनला बाईक अपघातात गेला, वर्षभरानंतर बेस गिटारवाला बेरी ओकलीपण तसाच, तिथून जवळच, तरी पोरं थांबली नाहीत, दुसरा गिटारवाला डिकी बेट्सने भार उचलला आणि १९७३ चा अल्बम थेट एक नंबरला. स्कीनर्डचं मात्र १९७७ च्या विमान अपघातात गायक रॉनी व्हॅन झँट गेला आणि सगळंच थांबलं, १९८७ ला धाकटा भाऊ जॉनी गायला उभा राहिला तेव्हा कुठे परत सुरू. स्कीनर्डच्या तीन गिटार लगेच डोक्यात बसतात हे खरंय, पण न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या हॉलमधल्या ऑलमनच्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये ड्युएन आणि बेट्स एकच धून वेगवेगळ्या सुरांत जोडीने वाजवत वर चढतात ना, तिथे अंगावर काटा येतो, म्हणून माझं मत ऑलमनलाच.