लांब केसांच्या मांजराला आधी स्टीलचा कंगवा, मग माल्टची पेस्ट

पर्शियन मांजर केसांचे गोळे ओकायला लागलं की पणजी-म्हापशाच्या पेट शॉपमधून आधी घरी येते ती माल्टच्या पेस्टची, म्हणजे गिळलेला केस पुढे सरकवणाऱ्या चाटणाची ट्यूब. पैसे घालायचेच तर आधी कंगव्यात घाला. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात; चाटताना सुटलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. कंगव्यात आला तेवढा केस पोटात जायचा वाचला.

कंगवा अर्धा विरळ, अर्धा दाट दातांचा घ्या. मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा, ओरखडा उठला तर तो नको. नुसता मुलामा दिलेला स्वस्त कंगवा गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत दातांच्या मुळाशी गंजतो आणि केस तोडायला लागतो. स्टेनलेस स्टीललाच चार पैसे जास्त मोजा. स्लिकर ब्रश, म्हणजे बारीक वाकड्या तारांचा ब्रश, भरपूर केस काढतो खरा, पण वरवरचे. आतली मऊ लव तशीच राहते आणि गुंता होतो तो तिचाच.

रोज विंचरा. केसांचा थर हाताने वर धरून खालची ओळ आधी घ्या. पहिल्यांदा विरळ दात, मग दाट. काखा, पोट, कानामागचा भाग आणि मागच्या मांड्या इथे हमखास जटा होतात. जट मुळाशी दोन बोटांत धरून टोकाकडून सोडवत या, म्हणजे कातडी ताणली जात नाही. कात्री अजिबात नको: मांजराची कातडी पातळ, जटेबरोबर वर येते आणि कापली जाते. आंघोळही जटा सोडवल्यावरच, कारण भिजलेली जट आणखी आवळते.

पेस्ट वाईट नाही, पण ती केस विरघळवत नाही, पुढे सरकायला मदत करते एवढंच. ट्यूबवरचं माप पाळा. पंजावर लावली की मांजर चाटून घेतं. पॅराफिनवाली (खनिज तेलाची) असेल तर रोज किंवा जेवणासोबत देऊ नका, नाहीतर ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. पातळ लिक्विड पॅराफिन सिरिंजने तोंडात ओतणं तर धोक्याचंच: त्याला चव नसते, मांजर धड गिळत नाही आणि ते फुप्फुसात उतरू शकतं. खोबरेल तेलाचा घरगुती उपायही सोडा. ते पचून जातं, वंगणाला उरत नाही, आणि जास्त झालं तर जुलाब.

मांजर वारंवार उमासे काढतंय पण गोळा पडत नाही, जेवण सोडलंय, शी होत नाही, अशा वेळी ट्यूब बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आतड्यात अडकलेला गोळा पेस्टने सुटत नाही. आणि मान पुढे काढून खोकल्यासारखा आवाज येतो, केस मात्र कधीच पडत नाहीत, असं असेल तर दम्याची तपासणी करून घ्या.