मुलींचा टेक सूट: शंभर मीटरला कामाचा, सरावाला नाही

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 साली हाँगकाँगच्या शिवॉन हॉहीने महिलांची 100 मीटर फ्रीस्टाइल 52.17 सेकंदांत मारली. तिच्या अंगावर होता तसा खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा घट्ट सूट, म्हणजेच टेक सूट, आता आपल्याकडे जिल्हा स्पर्धेलाही दिसतो. पैसे घालण्याआधी तो नेमकं काय करतो ते बघा.

कापड पाणी कमी पितं, मांड्या आणि कंबर आवळून धरतं, त्यामुळे शेवटच्या पंधरा-वीस मीटरला नितंब खाली बसायला जरा उशीर लागतो. एवढंच. रोमच्या 2009 च्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकच्या, सूटांनी 43 विश्वविक्रम घडवले. ते सूट 1 जानेवारी 2010 पासून बंद. आताचा सूट फक्त विणलेल्या कापडाचा, चेनशिवाय, जास्तीत जास्त 0.8 मिलिमीटर जाडीचा. रोमच्याच स्पर्धेतला फेडरिका पेलेग्रिनीचा 200 मीटर फ्रीस्टाइलचा 1:52.98 विक्रम 2023 मध्ये मॉली ओ'कॅलाहनने 1:52.85 करून मोडला, तो याच साध्या कापडात. टर्न, म्हणजे भिंतीवरून वळणं, कच्चा असेल तर कुठलाच सूट तो सुधारत नाही.

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात सरावाचा सूट हातात धरून घेता येतो. टेक सूट बहुतेक वेळा मागवावाच लागतो, आणि घालून पाहिलेला सूट सहसा परत घेत नाहीत. म्हणून माप घरीच नीट काढा. छाती, कंबर, नितंब सगळे मोजतात. राहून जातं ते धडाचं माप. टेप खांद्यावरून पुढून खाली, दोन पायांमधून, मागून परत त्याच खांद्यावर. उंच पोरीला छातीच्या मापाचा सूट बसतो, पण हात वर ताणले की पट्टे खांदे खाली ओढतात. हे माप चार्टात नसेल तर विक्रेत्याला विचारा, अंदाजाने मागवू नका.

आल्यावर घालून दोन्ही हात स्ट्रीमलाइनमध्ये, म्हणजे कानांना चिकटवून सरळ, वर करायला सांगा. पाठीच्या खालच्या भागात घडी पडली तर सूट मोठा आहे; डाइव्ह मारताच तिथे पाणी भरेल. पूर्ण श्वास घेता येत नसेल तर लहान आहे, "ताणेल हळूहळू" यावर विश्वास ठेवू नका. मागच्या बाजूला वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स या जागतिक जलतरण संघटनेचं किंवा फिना या तिच्या जुन्या नावाचं मान्यतेचं चिन्ह हवं. दिसायला तसेच पण चिन्ह नसलेले स्वस्त सूट ऑनलाइन भरपूर आहेत. मान्यताप्राप्त स्पर्धेत रेफरी अडवू शकतो.

खरी परीक्षा चेंजिंग रूममध्ये. अंग आणि सूट दोन्ही कोरडे ठणठणीत हवेत. तेल, लोशन काही नको. मे महिन्यात नागपुरात हेच अवघड: टॉवेल फिरवेपर्यंत पुन्हा घाम. पंख्याखालची जागा आधी धरा. पायात प्लास्टिकची पिशवी चढवून सूटचा पाय त्यावरून सरकवा, मग पिशवी काढून घ्या. आधी खालची कड गुडघ्याच्या वर नीट बसवायची, मग बोटांच्या पेरांनी चिमूट-चिमूट कापड वर न्यायचं, एकदा या पायाचं, एकदा त्या पायाचं. दोन पायांमधली शिवण जागेवर आल्याशिवाय नितंबांवर चढवू नका. कंबरेला धरून ओढलं की सूट फाटतो तो तिथेच, नाहीतर मांडीच्या मागे नखाच्या भोकातून. नखं आदल्या दिवशी कापा. पट्टे सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा वीस-पंचवीस मिनिटं लागतात, सवयीने दहा. वॉर्म-अप जुन्या सूटमध्येच करा, आणि कॉल रूमच्या (रेसआधी पोहणाऱ्यांना जमवतात ती खोली) वेळेपासून मागे मोजा. उशीर झाला की घाईत ओढाताण, आणि पोट्टी उडी मारायच्या ब्लॉकवर जायच्या आधीच दमलेली. सूट चढल्यावर तलावाच्या खरखरीत काठावर बसू देऊ नका; टॉवेल टाका.

बारा वर्षांखालच्या मुलीला मात्र घेऊच नका. अमेरिकेत 2020 पासून या वयाच्या मुलांना स्पर्धेत टेक सूट चालत नाही, आणि ते बरोबरच आहे: सहा महिन्यांत माप बदलतं. 50 आणि 100 मीटरवाल्या, राज्य स्पर्धेची वेळ जवळ आलेल्या मुलीसाठी पैसे वसूल. 800 मीटरसाठी इतका आवळणारा न घेता थोडा मऊ घ्या. पाठ उघडी की बंद? फ्रीस्टाइलला उघडी, खांदा मोकळा राहतो, चढवायलाही सोपी. चिकटवलेल्या शिवणी हलक्या असतात पण आधी उसवतात; पहिला सूट शिवलेलाच बरा.

पाणी झटकण्याचा थर थोड्या वापरातच उतरतो. हिट्स, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, जुन्या सूटमध्ये, फायनल नव्यात, असं वाटून घेतलं तर तो जास्त टिकतो. रेस संपली की साध्या थंड पाण्यात खळबळायचा, पिळायचा नाही, साबण-मशीन नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरा. ओला सूट कारच्या डिकीत दुपारभर राहिला तर इलास्टिक संपलंच समजा.