जुन्या दगडी घरात लॅन वायर टाकून घेतली, काही महिन्यांनंतरचा अनुभव

साताऱ्यातलं आमचं घर आजोबांच्या वेळचं. खालच्या भिंती दीड फुटी काळ्या दगडाच्या, वरचा मजला नंतर चढवलेला. घराचं काम काढलं तेव्हा टाइल्स, किचन, बाथरूम सगळं नवीन झालं पण भिंतीतले पाइप फक्त लाइट-पंख्यापुरते, नेटसाठी एकही पॉइंट नाही. फायबरचा डबा पुढच्या हॉलमध्ये आणि बायकोचं ऑफिसचं काम वरच्या मागच्या खोलीत.

आधी दोन डब्यांचा मेश वायफाय घेतला, म्हणजे एक डबा खाली, दुसरा वर आणि दोघं आपसात वायरशिवाय जोडलेले. वर मोबाइलवर रेंज फुल दिसायची आणि तरी मीटिंग अडकायची, कारण ती रेंज वरच्या डब्याची असते, त्या डब्यालाच खालून दगड आणि स्लॅबमधून जेमतेम सिग्नल येत असेल तर तो पुढे काय देणार. वायफायच्या दोन बँडपैकी ५ गिगाहर्ट्झ अशा भिंतीत दम तोडतो, २.४ पोचतो पण तिथे शेजारच्या सगळ्या राउटरची गर्दी. मग लाइटच्या वायरीतून नेट नेणारे ॲडाप्टर आणून बघितले. आमचा मीटर थ्री फेज, वरचा मजला वेगळ्या फेजवर, त्यामुळे खाली-वर धड जोडणीच होईना, आणि एकाच फेजवर लावले तर मिक्सर लागला की स्पीड पडायचा. परत केले.

मार्ग काढला तो आमच्या वायरमनकाकांनी. गच्चीपासून जिन्यातून हॉलपर्यंत डिशची जुनी केबल पाइपातून आलेली होती, कोणी वापरत नव्हतं. काका म्हणाले, "ती काढून टाकू नका, तिलाच नवीन वायर बांधून ओढू." कॅट ६ या प्रकारच्या लॅन वायरीचं टोक तिला टेपने निमुळतं गुंडाळलं, वरून टाल्कम पावडर चोळली, गच्चीवर एक जण वायर सोडतोय आणि हॉलमध्ये काका ओढतायत. जिन्याच्या बेंडला अडकली, तिथे थोडी मागे घेऊन हळूहळू काढली. जोरात हिसका दिला असता तर आतली तांब्याची जोडी ताणली गेली असती.

वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघाच. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, स्वस्त मिळतं पण घेऊ नका. आणि जोडून झालं की लिंक स्पीड, म्हणजे वायरीवर दोन उपकरणं किती वेगाने जोडली गेलीत ते, तपासा. आमच्याकडे पहिल्या दिवशी १०० एमबीपीएसच दाखवत होतं, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) वायरीतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात आणि तपकिरी जोडीतली एक तार कनेक्टरमध्ये नीट बसली नव्हती, काकांनी कनेक्टर परत क्रिम्प केल्यावर, म्हणजे पकडीने दाबून बसवल्यावर, १००० आलं.

आता जिन्यात वर एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीवरून नेट घेऊन वायफाय देणारा डबा, आहे, त्याला पॉवरसुद्धा त्याच वायरीतून, म्हणजे पीओईने. याचा फायदा लाइट गेल्यावर कळतो, खाली फायबरचा डबा आणि वायरीत पॉवर सोडणारा पीओई स्विच इन्व्हर्टरवर आहेत म्हणून वरचं नेटही चालू राहतं. पावसाळ्यात लाइट कितीदा गेली पण बायकोची मीटिंग तुटली नाही, मला याचं फार समाधान आहे. जिन्यापासून तिच्या टेबलापर्यंत केसिंग पट्टीतून वायर नेलीय, पांढऱ्या भिंतीवर फारशी दिसत नाही, आईला मात्र ती पट्टी अजून खुपते.

मागची पडवी तेवढी राहिलीय. तिकडे जुना पाइप नाही आणि दगडात खाच मारायची माझी तयारी नाही, त्यामुळे बाहेरून उन्हात टिकणारी काळी आउटडोअर केबल टाकायचा विचार आहे.